कराड : कुस्ती, दळणवळण व परिसर

महाराष्ट्र राज्याच्या सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व एक प्राचीन नगर. कृष्णा व कोयना या नद्यांच्या संगमावर, प्रीतिसंगमावर, ते वसले आहे. प्राचीन लेखांत त्याचा उल्लेख ‘करहाटक’ या नावाने आढळतो. जवळच्या आगाशिव डोंगरातील बौद्ध लेणी त्याच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात.

पुणे-बंगलोर महामार्ग आणि कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे जाणारा रस्ता येथे मिळत असल्याने देश व कोकण यांना जोडणारी पेठ म्हणून कराडचा विकास झाला. पुणे-मिरज लोहमार्ग प्रथम मीटरमापी होता. पुढे तो रुंदमापी करण्यात आला. कराडचे रेल्वेस्थानक मात्र शहरापासून काहीसे दूर, ओगलेवाडीनजीक आहे. याच लोहमार्गाच्या आधाराने तत्कालीन औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी (१९१०) व ओगलेवाडी (१९१६) या उद्योगवसाहती उभ्या राहिल्या. ओगले काचकारखान्याचे ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचले.

१९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. सीमा बदलली, तरी कृष्णाकाठचे व्यवहार, सोयरिकी व कुस्तीचे फड समाईकच राहिले. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले व त्यांची समाधीही कराडला प्रीतिसंगमावर आहे. गावोगावच्या यात्रांत कुस्तीचा फड हा अविभाज्य भाग असे व तालमीचा खर्च बहुधा गावच उचलीत असे.

या परंपरेतून कराडलगतच्या गोळेश्वर येथील खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६–१४ ऑगस्ट १९८४) हे मल्ल पुढे आले. वडील स्वतः मल्ल असल्याने त्यांना घरीच धडे मिळाले. टिळक हायस्कूलमधील शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लास गादीवरील कुस्तीचा सराव नसतानाही, फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी द्रव्यबळ नव्हते. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली व महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, असे सांगतात. तेथे बँटमवेट गटात जाधवांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील हे पहिले वैयक्तिक पदक होय. त्यानंतरचे वैयक्तिक पदक १९९६ मध्ये, म्हणजे ४४ वर्षांनी, लिअँडर पेसने टेनिसमध्ये मिळविले.

परतल्यावर कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी अल्पावधीत संपणाऱ्या या वाटेस कित्येक तास लागले. गावाने केलेल्या या गौरवाच्या मानाने शासकीय मान्यता मात्र फारच उशिरा आली. जाधव १९५५ मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले व साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. १९८४ मध्ये एका रस्ता-अपघातात त्यांचे निधन झाले. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. पद्म पुरस्कार त्यांना हयातीत लाभला नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्ती-संकुलास त्यांचे नाव देण्यात आले.

सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवून हीच परंपरा पुढे नेली. या दोघांचेही यश ग्रामीण तालमींच्या पायावर उभे होते. गोळेश्वर येथील जाधवांचे ‘ऑलिंपिक निवास’ हे घर त्या यशाची आठवण जागी ठेवते.