मोह, शिंदी आणि द्राक्ष: नांदेड-लातूरच्या मद्यांची कुळकथा

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मद्याचे तीन पट्टे आहेत. नांदेडच्या ईशान्येला किनवट-माहूरच्या डोंगरांत मोह, बिलोली, धर्माबाद, देगलूर या तेलंगण सीमेवरच्या तालुक्यांत शिंदी, आणि लातूरच्या नैर्ऋत्येला औसा भागात द्राक्षबागा. तिन्हींमागची क्रिया एकच आहे: यीस्ट साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. साखर फुलात आहे, खोडाच्या रसात आहे की फळात, यावर मद्याचा प्रकार ठरतो. झाड रानात आपोआप उगवले की शेतात लावले, यावर मात्र त्या मद्याचे नशीब ठरत आले आहे.

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून जागा स्वच्छ केलेली असते. उजाडताच गोंड आणि कोलाम कुटुंबांतली बायका-मुले टोपल्या घेऊन ती पांढरट, रसाळ फुले वेचतात. उन्हात वाळली की ती बेदाण्यासारखी तांबूस होतात, आणि मग त्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. ही फुले काही दिवस पाण्यात भिजवून आंबवतात, मडक्यात उकळतात आणि निघालेली वाफ थंड करून स्वच्छ मद्य मिळवतात. म्हणजे मोहाची दारू ऊर्ध्वपातित आहे, वाइनसारखी नुसती आंबवलेली नाही. जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्यात तिचे थेंब आधी जमिनीवर वाहतात. मोहाच्या फुलांपासून केलेल्या मद्याचा उल्लेख आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही आहे. इंग्रजी अमलात मात्र फूल हाच संशयाचा माल ठरला. मुंबई सरकारने १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवर निर्बंध घातले. महाराष्ट्रात फुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध २०२१ मध्ये सैल झाले.

शिंदीचे झाड खजुराच्या कुळातले. ओढ्याकाठी, बांधावर ते न लावता वाढते. त्याचा रस हिवाळ्यात काढतात. कमरेला दोर बांधून माणूस वर चढतो, शेंड्याखाली एका बाजूच्या झावळ्या उतरवतो आणि तिथला कोवळा गाभा धारदार हत्याराने पातळ ताशतो. संध्याकाळी टांगलेल्या मडक्यात रात्रभर थेंब थेंब रस साठतो. पहाटेचा ताजा गोड रस म्हणजे नीरा. मडक्याला आतून चुना लावला तर तो काही वेळ तसाच टिकतो, नाही तर ऊन चढेल तसा फसफसू लागतो आणि काही तासांत त्याची पांढुरकी, आंबट शिंदी होते. पुढच्या हंगामात झाड उलट बाजूने ताशतात. त्यामुळे खोडावर आलटून पालटून खाचा पडत जातात आणि त्या मोजून झाड किती हंगाम ताशले गेले ते सांगता येते. ताडाचा रस मात्र खोडातून न घेता फुलोऱ्यातून घेतात.

निजामाच्या हैदराबाद राज्यात आबकारी, म्हणजे मद्यावरचा कर, हे तिजोरीचे मोठे उत्पन्न होते आणि शिंदी त्याचा कणा होती. म्हणूनच १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसने लढा उभारला तेव्हा शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचा कार्यक्रम झाला. मराठवाड्यातल्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी कुऱ्हाडी हाती घेतल्या. महसुलाची मुळेच तोडायची, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. आज सीमेपलीकडे तेलंगणात शिंदी काढणाऱ्यांच्या सहकारी संस्था हा धंदा करतात. झाडे कमी पडतात तिथे क्लोरल हायड्रेटसारखी रसायने मिसळलेली बनावट शिंदी विकली जाते. ती झाडाच्या रसाशी नाते नसलेले विष आहे.

द्राक्षाच्या मद्याची वाट वेगळी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला मधु म्हटले आहे आणि त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार देशाच्या नावावरून ओळखले आहेत. मद्याला प्रदेशाचे नाव देण्याची रीत भारतात इतकी जुनी आहे. दख्खनमध्ये मात्र हे मद्य आधी व्यापारातून आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या इटालियन मद्याची नोंद आहे, आणि त्याच बंदराशी गाड्यांनी जोडलेली पेठ म्हणून तगर येते. तगर म्हणजे लातूरच्या शेजारचे तेर. गोदावरी खोऱ्यात नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत.

वेल इथे रुजल्याची ठळक साक्ष चौदाव्या शतकातली. दौलताबादला द्राक्षे वर्षातून दोनदा येतात, असे इब्न बतूताने लिहिले आहे. उष्ण हवामानात वेल थंडीने झोपत नाही, म्हणून आजही महाराष्ट्रात त्याची दोनदा छाटणी होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. वाइनची आधुनिक उभारणी १९८० च्या दशकात नारायणगावात झाली. मग नाशिक, अकलूज, पलूस ही नावे पुढे आली. २००१ च्या राज्य धोरणाने करसवलती दिल्या, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क झाले. औशाच्या बागांतली द्राक्षे मुख्यतः खाण्याची आहेत. वाइनला लागणारी लहान मण्यांची, जाड सालीची, बियांची वाणे वेगळी असतात.

लावलेल्या वेलाला मालक होता, सातबारा होता, म्हणून त्याला धोरण मिळाले. रानच्या मोहाला आणि बांधावरच्या शिंदीला ठेकेदार, कर आणि बंदी मिळाली. या दोन झाडांचे ज्ञान वेचणाऱ्या आणि ताशणाऱ्या हातांत आहे. शुद्धतेची तपासणी आणि उत्पादनाचा हक्क या हातांपर्यंत पोहोचला, तर तिन्ही पट्ट्यांना सारखा न्याय मिळेल.