क्रॉफर्डचे वारस

2022 च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, आणि आयुक्तांनाच प्रशासक नेमण्यात आले. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांचीही त्याच महिन्यात तीच गत झाली. नवी मुंबई आणि कोल्हापूर तर 2020 पासूनच नगरसेवकांविना होते. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा अशी कारणे सांगितली गेली आणि ती खोटी नव्हती. पण मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायलाच हवी असे राज्यघटना सांगत असताना मुंबईत मतदान झाले ते थेट 2026 च्या जानेवारीत. दरम्यान नळाला पाणी येत होते, कचऱ्याच्या गाड्या फिरत होत्या, रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची हजारो कोटींची कंत्राटेही निघाली. निवडून आलेले सभागृह जवळजवळ चार वर्षे बंद होते आणि तरी शहर अडले नाही, याचे श्रेय बहुतेकांनी प्रशासनाला दिले. मला त्यात वेगळाच प्रश्न दिसतो. जे नसल्याने काही अडत नाही, ते असताना त्याच्या हाती होते तरी काय? याचे उत्तर 2022 मध्ये सापडत नाही. त्यासाठी दीडशे वर्षे मागे, कापसाच्या तेजीत न्हालेल्या मुंबईत जावे लागते.

मुंबईचा कारभार 1858 च्या कायद्याने तीन आयुक्तांकडे दिला होता. तिघांत अधिकार वाटलेले, त्यामुळे जबाबदारी कोणाचीच नाही, असा तो प्रकार होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 पासून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, माणसांचे लोंढे आले, आणि उघडी गटारे, तुडुंब चाळी, रोगराई यांपुढे तिघांचा कारभार अपुरा पडला. म्हणून 1865 च्या कायद्याने तीनाचा एक केला. सरकारने नेमलेल्या एकाच म्युनिसिपल कमिशनरच्या हाती सगळी अंमलबजावणी, आणि त्याच्यावर देखरेख जस्टिस ऑफ द पीस म्हणवणाऱ्या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांची. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस धडाक्याचा होता. त्याने गटारे बांधली, रस्ते रुंद केले, गावभर पसरलेला भाजी-मटणाचा बाजार एका छपराखाली आणला. आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखले जाणारे मार्केट 1869 मध्ये उभे राहिले ते त्याच्याच नावाने. मृत्यूचे प्रमाण घटले, शहराचा चेहरा बदलला. मात्र मंजूर रकमेच्या आत खर्च ठेवणे हा त्याचा गुण नव्हता. 1865 च्या उन्हाळ्यात शेअरबाजार कोसळून शहराची कंबर मोडली, तरी कमिशनरचा हात आखडला नाही. कर वाढले, कर्ज वाढले, आणि 1871 मध्ये करदात्यांचा उद्रेक झाला. देखरेख करणाऱ्या जस्टिसांना हिशेब समजला तेव्हा पैसे खर्च होऊन गेले होते.

या चळवळीत जे घडले ते आज उलटे वाटावे असे आहे. करदात्यांच्या पुढाऱ्यांची मागणी होती की कमिशनरचे पद मोडून काढावे आणि कारभार एका मंडळाकडे द्यावा. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचून याला विरोध केला आणि श्रोत्यांचा रोष ओढवून घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दोष एका हाती अंमल असण्यात नाही, तो त्या हातावर खरा लगाम नसण्यात आहे. जस्टिस कोणाला उत्तरदायी नव्हते, म्हणून ते कमिशनरला आवरू शकले नाहीत. करदात्यांनी निवडलेली सभा तिजोरीच्या किल्ल्या हाती ठेवील, तर एकच कार्यक्षम अधिकारी शहराच्या फायद्याचा ठरेल. मंडळाने कारभार हाकणे म्हणजे पुन्हा 1858, हे त्यांना दिसत होते. पुढे ज्यांना मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हटले गेले त्या नेत्याने आपली सार्वजनिक कारकीर्द आयुक्तपदाच्या बचावाने सुरू केली, हे आजच्या सुधारणावाद्यांना सहसा आठवत नाही. आयुक्तपदाचे समर्थक मात्र त्याचा अर्धाच भाग सांगतात. मेहतांच्या मांडणीला दोन पाय होते आणि दुसरा पाय लोकांचा होता.

1872 च्या कायद्याने हा सौदा लेखी झाला. 64 सभासदांची महापालिका, त्यांतले 32 करदात्यांनी निवडलेले, 16 जस्टिसांनी, 16 सरकारने नेमलेले. आणि पैशांवर नजर ठेवायला बारा जणांची टाउन कौन्सिल. 1888 च्या कायद्याने सभासद 72 झाले, टाउन कौन्सिलची स्थायी समिती झाली, आणि त्या विधेयकावर कायदेमंडळात काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि फिरोजशहा कलमाकलमाने झुंजले. शहराचा कारभार महापालिकेकडे राहील हे तत्त्व त्यात आले. पण 64 व्या कलमात अंमलबजावणीचा सगळा अधिकार आयुक्ताकडे राहिला, आणि आयुक्त नेमायचा सरकारने. हाच कायदा असंख्य दुरुस्त्यांनिशी आजही मुंबईला लागू आहे. जाता जाता एक गंमत. ज्या 1888 साली हे पद असे पक्के झाले, त्याच साली पहिला कमिशनर क्रॉफर्ड पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर म्हणून लाचेच्या आरोपांवरून चौकशीला तोंड देत होता. पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांची बाजू टिळकांनी घेतली ती त्याच क्रॉफर्ड प्रकरणात. लाचेचा आरोप आयोगापुढे टिकला नाही, पण आपल्याच हद्दीतल्या लोकांकडून कर्जे काढल्याबद्दल त्याला नोकरीतून जावे लागले. नियुक्त अधिकारी म्हणजे स्वच्छता आणि निवडून आलेला म्हणजे लबाडी, ही विभागणी पायाभरणीच्या वेळीही खरी नव्हती.

आता लगामाची दोरी कोणाच्या हाती होती ते पाहू, कारण माझ्या युक्तिवादाचा कणा तिथे आहे. 1872 चा मतदार म्हणजे वर्षाला किमान पन्नास रुपये पालिका-कर भरणारा, म्हणजे शेठ, वकील, घरमालक. गिरणगावात खुराड्यासारख्या खोलीत राहणाऱ्याला पालिकेने मत दिले नव्हते. पुण्यातली गोष्ट याहून बोलकी आहे. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पैसे उधळण्याला त्यांनी विरोध केला, पण ते निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. मूठभर करदात्यांच्या मतदारसंघातून शूद्रातिशूद्रांचा प्रतिनिधी निवडून येणे अवघडच होते. म्हणून जुन्या महापालिकेला लोकशाहीचे सुवर्णयुग म्हणण्यात अर्थ नाही. पुढे मताचा पाया रुंदावत गेला. 1922 च्या कायद्याने महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्याला मत मिळाले आणि 1923 च्या निवडणुकीनंतर सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले सभागृहात बसल्या. 1931 मध्ये अध्यक्षाचा महापौर झाला. 1948 मध्ये प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक झाली. प्रत्येक पायरीवर मतदार वाढला, सभासद वाढले, आणि एकाही पायरीवर अंमलाचा अधिकार आयुक्ताच्या कलमातून हलला नाही. उलट 1949 च्या प्रांतिक महापालिका कायद्याने मुंबईचाच साचा पुणे, अहमदाबाद आणि पुढे राज्यातल्या इतर शहरांसाठी वापरला. पन्नास रुपये करवाल्या मूठभर शेठजींना आयुक्ताला आवरता येत असे, कारण शहराचा पैसा, बँका, वर्तमानपत्रे आणि कायदेमंडळातल्या जागा त्यांच्याच होत्या. तोच लगाम लाखो मतदारांच्या प्रतिनिधींना दिला तेव्हा तो नुसता कागदी उरला. मत सर्वांना मिळाले ते त्याचे वजन कमी झाल्यावर.

आणि जिथे वजन थोडेफार होते, तिथून कामच उचलून नेण्याची रीतही जुनीच. 1896 च्या प्लेगनंतर सरकारने 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्त्या पाडणे, मोहम्मद अली रोडसारखे रस्ते काढणे, दादर-माटुंग्याचे आराखडे आखणे ही शहराचे भवितव्य ठरवणारी कामे त्याच्याकडे गेली. विश्वस्तांत महापालिकेचे लोक अल्पसंख्य. 1933 मध्ये तो महापालिकेत विलीन झाला. पण 1975 मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले, 1990 च्या दशकात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि रस्ते विकास महामंडळ आले. उड्डाणपूल, मेट्रो, झोपडपट्टीच्या जमिनी अशा मोलाच्या निर्णयांपैकी फार थोडे आज महापालिकेच्या सभागृहात होतात. नगरसेवकाच्या वाट्याला येतात गटारांची झाकणे.

अंमल निवडून आलेल्यांच्या हाती हवा, या म्हणण्यावर सगळ्यांत वजनदार हरकत कलकत्त्याची आहे, आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1923 मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी केलेल्या कायद्याने कलकत्त्यात मुख्य कार्यकारी अधिकारी नेमण्याचा हक्क खुद्द कॉर्पोरेशनला मिळाला. 1924 मध्ये चित्तरंजन दास महापौर झाले आणि त्यांनी त्या पदावर सुभाषचंद्र बोसांना बसवले. लोकांचे राज्य अक्षरशः आले. पुढची दोन-अडीच दशके त्या कॉर्पोरेशनचे नाव गटबाजी, नोकरभरती आणि कंत्राटांमुळे इतके खराब झाले की स्वतंत्र भारतातल्या सरकारने 1948 मध्येच ती बरखास्त केली आणि 1972 मध्ये पुन्हा. मुंबईचा आयुक्त त्या मानाने बरा, असे म्हणणाऱ्यांच्या हाती हा पुरावा आहे. पण कलकत्त्याने यातून काढलेला निष्कर्ष मुंबईपेक्षा वेगळा होता. 1980 च्या कायद्याने तिथे महापौर आणि त्याचे सहकारी यांचे मंत्रिमंडळासारखे मंडळ आले, अंमलाचा अधिकार त्याच्याकडे आला, आणि ती पद्धत आजवर चालू आहे. भ्रष्टाचार संपला असे कोणी म्हणणार नाही. पण कोलकात्यात पाणी तुंबले की दोष कोणाचा हे मतदाराला माहीत असते, आणि त्या माणसाला पाच वर्षांनी मते मागायला यावे लागते. मुंबईत पाणी तुंबले की महापौर आयुक्ताकडे बोट दाखवतो, आयुक्त कंत्राटदाराकडे, आणि आयुक्ताची बदली मंत्रालयातून होते. टक्केवारीचे राजकारणही याच अवस्थेत फोफावते. ज्याला काम करून दाखवण्याचा अधिकार नाही पण स्थायी समितीत काम अडवण्याचा आहे, तो आपली ताकद अडवण्यातूनच दाखवणार. त्याच्या नीतिमत्तेवर बोलण्याआधी त्याच्या हाती कायद्याने काय दिले ते पाहायला हवे.

दुसरी हरकत कायद्याची आहे: पाच-अष्टमांश नगरसेवकांनी ठराव केला तर आयुक्ताला हटवता येते, मग लगाम नाही कसा? नवी मुंबईच्या नगरसेवकांनी 2016 मध्ये या तरतुदीचा वापर केला. ठराव प्रचंड बहुमताने झाला, पण आयुक्त महिनोन्महिने जागेवरच राहिले. शहरातल्या अनेकांना याचा आनंदच झाला, कारण आयुक्त कडक होते आणि नगरसेवकांची प्रतिमा बरी नव्हती. त्या वादात कोण बरोबर होते हा इथे प्रश्न नाही. एवढे मोठे बहुमत जुळूनही निर्णय मंत्रालयातच झाला, हा मुद्दा. 1871 मध्ये जस्टिस जिथे उभे होते, जवळपास तिथेच.

74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नगरपालिकांना घटनेत जागा दिली, बाराव्या अनुसूचीत 18 विषय दिले, पण ते सोपवणे राज्याच्या मर्जीवर ठेवले. महाराष्ट्राने धाडस केले नाही असेही नाही. 1998 मध्ये मुंबई आणि नागपूरला कोलकात्याच्या धर्तीवर महापौर परिषद आली, आणि ती रुजण्याआधीच 1999 मध्ये गुंडाळली गेली. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, हे 2001, 2006, 2016, 2020 आणि 2022 असे पाच वेळा फिरवले गेले, दर वेळी सत्तेत असलेल्यांच्या सोयीने. इतके झाले तरी 64 व्या कलमातला आयुक्ताचा अधिकार शेवटी जागेवरच राहिला. हे विसरण्यातून झाले नसावे. राज्याच्या सत्तेला शहराचा पैसा आणि जमीन हवी असते. नगरविकास खाते अनेक मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडेच ठेवले ते त्यामुळेच. मुंबई महापालिकेचे 2025-26 चे अंदाजपत्रक 74,427 कोटी रुपयांचे होते. सभागृह असते तर ते आधी स्थायी समितीपुढे गेले असते, मग सर्वसाधारण सभेत त्यावर दिवसेंदिवस चर्चा झाली असती, एखाद्या प्रभागातल्या शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी रक्कम इकडची तिकडे झाली असती. त्या वर्षी ते आयुक्तांनी तयार केले, आणि प्रशासक या नात्याने आयुक्तांनीच मंजूर केले.