ब्रुसेलोसिसचे निदान : चार मिनिटांची चाचणी आणि तिच्या मर्यादा

गाय किंवा म्हैस गाभणकाळाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाभडली आणि तिची वार अडकून राहिली, तर पशुवैद्यकाचा संशय प्रथम ब्रुसेलोसिसकडे, म्हणजेच सांसर्गिक गर्भपाताकडे वळतो. मात्र लेप्टोस्पायरोसिससारख्या अन्य रोगांतही जनावरे गाभडतात. त्यामुळे लक्षणांवरून निष्कर्ष काढता येत नाही. निदान प्रयोगशाळेतच होते.

रोगाला कारणीभूत ठरणाऱ्या जीवाणूंना डेव्हिड ब्रूस यांचे नाव मिळाले आहे. त्यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने मरण पावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून असा जीवाणू वेगळा केला. गायींतील गर्भपाताचा जीवाणू डेन्मार्कचे बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केला. कच्चे दूध, पडलेला गर्भ आणि वार यांतून माणसालाही लागण होते. दीर्घकाळ चढ-उतार करणारा ताप आणि सांधेदुखी मागे लागते. दूध उकळल्यास जीवाणू मरतो. गोठ्यात उघड्या हातांनी वार काढणाऱ्याला मात्र उकळलेल्या दुधाचे संरक्षण पुरत नाही.

भारतातील प्रयोगशाळांत प्राथमिक तपासणीसाठी रोज बेंगाल चाचणी रूढ आहे. जनावराच्या मानेतील शिरेतून घेतलेले रक्त गोठू दिल्यावर वर सुटणारे रक्तजल वेगळे करतात. त्याचा एक थेंब आणि गुलाबी रंग दिलेल्या मृत जीवाणूंच्या द्रावणाचा तेवढाच थेंब काचपट्टीवर मिसळून चार मिनिटे हलवतात. गुठळ्या दिसल्या तर नमुना सकारात्मक ठरतो. दूध संकलन केंद्रातील एकत्रित दुधासाठी दूध-वलय चाचणी वापरतात. प्रतिद्रव्ये असल्यास सायीच्या थरात निळे कडे उमटते. चीक किंवा कासदाहाचे दूध मिसळलेले असेल, तर हे कडे फसवे असू शकते.

या चाचण्या स्वस्त आणि जलद आहेत, पण त्या जीवाणू शोधत नाहीत, शरीराने त्याच्याविरुद्ध घडवलेली प्रतिद्रव्ये शोधतात. खरी अडचण येथेच आहे. यर्सिनियाच्या एका प्रकाराची लागण झालेले जनावरही सकारात्मक दिसू शकते. उलट, नुकत्याच गाभडलेल्या गायीच्या रक्तात प्रतिद्रव्ये पुरेशी वाढलेली नसतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना घ्यावा लागतो.

आकडेमोड पाहिली तर मुद्दा स्पष्ट होतो. समजा, १,००० जनावरांत १० खरोखर बाधित आहेत. चाचणीने त्यांतील ९ पकडली आणि निरोगी ९९० पैकी केवळ दोन टक्के चुकीने सकारात्मक दाखवली, तरी ती सुमारे २० होतात. म्हणजे एकूण २९ सकारात्मक जनावरांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक निरोगीच असतात. म्हणूनच सकारात्मक नमुन्याची एलायझा किंवा पूरक-स्थिरीकरण चाचणीने फेरतपासणी करतात. जीवाणू प्रत्यक्ष वाढवून पाहणे हे सर्वांत ठोस निदान. परंतु तपासणाऱ्यालाच लागण होण्याचा धोका असल्याने ते उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच करतात.

लसीकरणाने आणखी एक गुंता निर्माण होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरा येथे प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदा ही लस दिली जाते. एस-१९ ही जिवंत लस असून तिनेही प्रतिद्रव्ये तयार होतात. लहान वयात ती सहसा कालांतराने ओसरतात, प्रौढ जनावरात रेंगाळतात. वयाच्या मर्यादेमागे हेही एक कारण आहे. लसीची नोंद कानातील बारा अंकी बिल्ल्याच्या क्रमांकावर झालेली नसेल, तर प्रयोगशाळेला लस आणि रोग यांतील फरक ओळखणे अवघड जाते.

महाराष्ट्रातील नमुने पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जातात, तर बेंगळुरूची राष्ट्रीय पशुरोग साथशास्त्र व माहितीशास्त्र संस्था देशपातळीवर या रोगाचा अभ्यास करते. अहवालानंतरचा प्रश्न मात्र पशुपालकाचा. अनेक राज्यांत गोवंशहत्येवर निर्बंध असल्याने बाधित गाय कळपातून कायमची काढण्याचा सरळ मार्ग उरत नाही. ती वेगळी बांधून पोसणे खर्चिक असते. निदान न सांगता बाजारात विकली, तर रोग खरेदीदाराच्या गोठ्यात पोहोचतो.