तोस्कानाची वेल, माळशिरसची माती

इटलीत तोस्काना नावाचा प्रांत आहे. फ्लॉरेन्स, पिसा ही आपण पुस्तकांतून ऐकलेली शहरं तिथलीच. आमच्या आकुर्डीचं या प्रांताशी जुनं नातं आहे, हे आकुर्डीकरांच्याही सहसा ध्यानात नसतं. पिसाजवळच्या पोंतेदेरा गावात १९४६ साली पियाजिओ कंपनीने एक स्कूटर काढली. तिचं नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. साठच्या दशकात ही गांधीलमाशी बजाजच्या परवान्यावर आकुर्डीत तयार होऊ लागली. १९७१ मध्ये करार संपला आणि पुढच्याच वर्षी राणा प्रतापांच्या घोड्यावरून तिचं नवं बारसं झालं, चेतक. घडण बरीचशी तीच. पण रस्ते आपले, खड्डे आपले आणि पुढे-मागे दाटीवाटीने बसलेलं चौकोनी कुटुंबही आपलं. थोड्याच वर्षांत तिला परदेशी म्हणणारं कोणी उरलं नाही.

श्रोतेहो, आज बोलायचंय ते तोस्कानाहूनच आलेल्या दुसऱ्या पाहुण्याविषयी. ही एक द्राक्षवेल आहे. तिचं नाव सांजोवेजे. ‘ज्युपिटर देवाचं रक्त’ अशी या नावाची फोड इटलीत सांगितली जाते. ही वेल आज सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात मुळं धरून आहे.

आधी एक खुलासा करतो. मी वाइन पीत नाही. आमच्या घरी ती वर्ज्य होती आणि आहे. पण ज्या काव्यपरंपरेच्या सावलीत मी शब्द जुळवायला शिकलो, तिथे साकी आणि प्याल्यावाचून पान हलत नाही. तेव्हा त्या प्याल्यात नेमकं असतं काय, याची चौकशी मी पुस्तकांतून केली. शब्दही मोठे गमतीचे. ‘दारू’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ औषध. मराठीत येऊन त्याने बाटली पकडली आणि तोफही. दारूगोळ्यातली दारू तीच. उलट द्राक्षासव आंबवलेलंच असतं, पण ते औषधाच्या दुकानात मिळतं आणि त्याला कोणी नाक मुरडत नाही.

तोस्कानातली सर्वांत नावाजलेली तांबडी वाइन म्हणजे क्यांती. १७१६ साली तिथला राजा, ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा, याने जाहीरनामा काढून तिच्या प्रदेशाची हद्द आखली. अमुक टेकड्यांमधलं असेल तरच ते क्यांती. पैठणी येवल्याची की दुसरीकडची, हा वाद आपण आज भौगोलिक मानांकनाच्या कायद्याने सोडवतो. त्याने तो तीनशे वर्षांपूर्वी असा सोडवला.

पण हद्द आखली म्हणून चव ठरत नाही. ती ठरवली बेत्तिनो रिकासोली या सरदाराने. हा गृहस्थ पुढारी, काव्हूरनंतर इटलीचा पंतप्रधान झालेला, आणि हाडाचा बागायतदार. बरीच वर्षं प्रयोग करून १८७२ मध्ये त्याने एका पत्रात आपलं मिश्रण मांडलं. सुगंध आणि जोम यांसाठी सांजोवेजे. तिचा कडकपणा मऊ करायला कानायोलो. आणि मालवाझिया हे पांढरं द्राक्ष? ते वाइन हलकी करतं, रोजच्या जेवणाला सोयीची करतं. मात्र वाइन मुरवत ठेवायची असेल तर हे द्राक्ष टाळलं तरी चालेल, असं तो म्हणतो. आपला चहावाला नाही का, कडकपणासाठी एक आणि वासासाठी दुसरी पत्ती मिसळून गिऱ्हाइकाच्या खिशाला परवडेल असं मिक्स्चर बांधून देतो? रिकासोलीला रोजच्या जेवणाचा विचार सुचला, हे मला महत्त्वाचं वाटतं. राजेरजवाड्यांच्या वाइनवर ग्रंथ लिहिले जातात. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या ताटाशेजारच्या पेल्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

पुढे सरकारी नियम आले आणि सोय होती तिची सक्ती झाली. १९६७च्या नियमांनी क्यांतीत किमान दहा टक्के पांढरी द्राक्षं बंधनकारक केली. तीस टक्क्यांपर्यंत मुभाही दिली. पांढरं द्राक्ष भरपूर पिकायचं. मग काय, वाइन पातळ झाली आणि गवताने विणलेल्या गोल बुडाच्या बाटल्यांतून जगभर स्वस्तात विकली गेली. त्या बाटलीचं नाव फियास्को. इंग्रजीत याच शब्दाचा अर्थ फज्जा, हा योगायोग बोलका आहे. तेव्हा आंतिनोरी या जुन्या घराण्याने १९७१ मध्ये नियम झुगारून सांजोवेजेची वाइन केली आणि पुढे तिच्यात फ्रान्सची काबर्ने सोव्हिन्यों मिसळली. कायद्याने तिला क्यांती म्हणता येईना. साधी ‘टेबल वाइन’ म्हणून ती बाजारात आली आणि भल्या भल्यांहून महाग विकली गेली. क्यांतीच्या मूळ टापूतून पांढरी द्राक्षं हद्दपार व्हायला मात्र २००६ उजाडलं.

हेच बंडखोर मिश्रण अकलूजला आलं. २००७च्या सुमारास इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू एकत्र आले. कंपनीचं नाव ठेवलं ‘फ्रातेल्ली’, म्हणजेच भाऊ. वाइन घडवायला तोस्कानाचे पिएरो मासी आले. भावांच्या तीन जोड्या आणि सातवे मासी, म्हणून त्यांच्या मानाच्या वाइनचं नाव ‘सेत्ते’, सात. तिच्यात सांजोवेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों. मोटेवाडी, गारवाड आणि निमगावच्या माळांवर या बागा उभ्या राहिल्या. सेत्ते काही स्वस्त नाही; पण त्याच माळांवरच्या इतर द्राक्षांचं मिश्रण करून बेताच्या किमतीच्या तांबड्या वाइनही निघतात.

इटलीत हिवाळ्यात वेल झोपते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं उतरतात. आपल्याकडे वेलीला झोप नाही. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तिथे द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात असं नोंदवून ठेवलंय. आजचा बागायतदार दोनदा छाटतो, पण पीक एकदाच घेतो. दुपारचं ऊन साखर भरतं, थंडीतली रात्र आंबटपणा टिकवते. खायची थॉमसन टपोरी, बिनबियांची. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं. तांबडा रंग येतो तो त्या सालीतूनच.

मात्र बाग लावणाऱ्याचं पुढे काय होतं, तेही सांगायला हवं. आकुर्डीहून चाकणला गेलं की नाशिकच्या रस्त्यावर पुढे नारायणगाव लागतं. तिथे शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन केली आणि परदेशात ती विकली ‘ओमर खय्याम’ या नावाने. इराणचा कवी आणि गणिती, जुन्नर तालुक्यातल्या बाटलीवर! २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, वाइनचं उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. शेतकऱ्यांनी खायच्या द्राक्षांऐवजी वाइनची वेल लावली. मग २००८ची जागतिक मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्या भरलेल्या आणि गिऱ्हाईक नाही. नाशिक भागात कितीतरी जणांनी वेली उपटून टाकल्या. चौगुल्यांची कंपनीही कर्जात बुडाली. बिनबियांची थॉमसन बाजारात निदान किलोवर विकता येते, उरलीच तर बेदाणा होतो. वाइनचं द्राक्ष कारखान्याने नाकारलं, तर त्याला दुसरं दार नाही. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली तेव्हा गदारोळ झाला आणि निर्णय कागदावरच राहिला. त्या वादात दोन्ही बाजू शेतकऱ्याच्या नावाने बोलत होत्या. त्याच्याशी केलेल्या कराराचं काय, हे मला तरी फारसं ऐकू आलं नाही.

माळशिरस हा वारकऱ्यांचा तालुका. तुकोबांची पालखी देहूहून निघून पहिला मुक्काम आमच्या आकुर्डीत करते आणि पुढे नीरा ओलांडून अकलूजला पोहोचते. तिथलं रिंगण पाहायला माणसं लांबून येतात. तेव्हा आषाढ असतो. सांजोवेजेवर त्या दिवसांत एकही घड नसतो. एप्रिलच्या छाटणीनंतर फुटलेली काडी पिकत असते. द्राक्षं तोडणीला येतात ती माघ-फाल्गुनात. तेव्हा त्या रस्त्यांवर उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर साखर कारखान्याकडे निघालेले असतात, आणि त्यांच्या मागे अडकून पडलेले द्राक्षांच्या क्रेटचे टेम्पो हॉर्न वाजवत असतात.