राईच्या पाट्या

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धे, राई, मोर्वे अशी गावं लागतात. आम्ही राईचे आगरी. घरात भातशेती, पुरुषमाणसं मिठागरावर, आणि रोखीचा पैसा मात्र बायकांच्या पाटीतून. माझी आजी स्टेशनला भाजी विकायची, नंतर आई. त्यामुळे 'फेरीवाल्यांचा उपद्रव' असा मथळा वाचला की मला आधी आईच आठवते.

वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, चिमाजी आप्पांच्या फौजेनं आमची गावं ज्यावर आहेत ते धारावी बेट पोर्तुगीजांकडून घेतलं. शाळेत आम्ही ते अभिमानानं पाठ केलं. पण पाटीवाल्या बाईच्या दृष्टीनं खरं महत्त्वाचं साल १८६४. त्या साली बीबीसीआय रेल्वेची गाडी वसईची खाडी ओलांडून मुंबईला पोचली. गाडी आली तसं गिऱ्हाईक आलं. त्याआधी मीठ नि सुकी मासळी देऊन धान्य घ्यायचं, असा व्यवहार आजीच्या आजीपासून ऐकलेला.

भात कापलं की त्याच ओलीवर वाल टाकायचे. विहिरीच्या कडेला मुळा, माठ, वांगी, मिरची. मुळ्याची जुडी केळीच्या सोपटानं बांधायची, पाला वर, मुळं एका रेषेत. पाटीवर ओलं फडकं, डोक्यावर चुंबळ. बाजारात तराजू कमीच, बराचसा माल वाट्यानं जायचा. वाटा लावणं ही आईची कला होती: मोठी वांगी खाली, लहान वर, आणि गिऱ्हाईकानं तोंड वाकडं केलं की वरून एक जादा. १९६०च्या सुमाराला शेर जाऊन किलो आला तेव्हा आजी वैतागली म्हणे. तिला शेरातच भाव सुचायचा! बोहणी झाल्याशिवाय उधार नाही, हा नियम तिनं सख्ख्या जावेलाही मोडू दिला नाही.

दहाच्या आत माल संपवून बायका घरी, कारण मग शेत. त्यांना कुणी फेरीवाली म्हटलं असतं तर त्या भांडल्या असत्या. त्या शेतकरणी होत्या, स्वतःचा माल विकत होत्या.

भाईंदर वाढलं. १९८५ला नगरपालिका झाली, २००२ला महानगरपालिका. आमच्या जागेला कागद कधीच नव्हता. बाजार फीची चिठ्ठी मिळायची, ती भाजीसोबत ओली होऊन फाटायची. मग पालिकेची जप्तीची 'गाडी आली' अशी हाक उठायची नि बायका पाट्या उचलून गल्लीत शिरायच्या. आईचा एक लोखंडी तराजू असाच गेला, तो परत मिळाला नाही.

पथविक्रेत्यांचा कायदा २०१४चा. जप्त केलेला नाशवंत माल मागितल्या दिवशीच परत द्यायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत, असं त्यात स्पष्ट आहे. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच कायद्यात 'नैसर्गिक बाजार' आहे: जिथं विकणारे नि घेणारे परंपरेनं जमत आले, ती जागा. पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात असा बाजार नोंदला गेला की तिथं विक्रीबंदी जाहीर करता येत नाही. दुसरीकडे एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीनंतर, २०१७ साली, मुंबई उच्च न्यायालयानं स्टेशनपासून १५० मीटरांत फेरीवाले नकोत असं म्हटलं. गर्दीनं माणसं मरतात हे मी नाकारत नाही. पण जो बाजार स्टेशनमुळेच जन्माला आला, त्याला स्टेशनपासून दूर नेलं तर तो बाजारच राहत नाही.

सर्वेक्षणाचंही तसंच. दिवसभर ठाण मांडून बसणारा सहज मोजला जातो. सकाळी दोन तास बसून शेतावर परतणारी बाई दुपारच्या मोजणीत दिसणार कशी? आणि आता शेतही कुठं उरलंय? मेट्रोच्या कारशेडसाठी आधी आमच्याच तीन गावांची जमीन आखली होती. लोक आडवे आले म्हणून ते डोंगरी गावाकडे गेलं. तेवढं टळलं, पण शेत आटलंच. राईच्या कित्येक बायका आज वाशीहून आलेली भाजी घाऊकात घेऊन विकतात. त्यांना फेरीवाली म्हटलेलं आता चालतं.

राई-मुर्ध्यात कुणाच्या पेटीत बाजार फीच्या जुन्या चिठ्ठ्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. फोटो काढा, झेरॉक्स करा, आणि त्या कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीवर निवडून गेलेल्या प्रतिनिधींच्या हाती द्या. परंपरा सिद्ध करायला आपल्याकडे दुसरा कागद नाही.