स्थगितीचा जामीन

आजऱ्यात शेताच्या ताब्याचा हुकूमनामा झाला, की जिंकणारा दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावतो आणि हरणारा गडहिंग्लजच्या जिल्हा न्यायालयात अपील घालून ‘स्टे’ मागतो. बेलिफ बांधावर पोहोचायच्या आत स्टे हाती यावा, एवढीच धडपड.

गोतसभेच्या, म्हणजे गावच्या न्यायसभेच्या, काळात ही सोय वेगळ्या रूपात होती. वाद ऐकण्याआधीच दोन्ही बाजूंकडून राजीनामा, म्हणजे निवाडा मानण्याची लेखी कबुली, आणि त्यावर जामीन घेत. हरणारा येजितखत लिहून आपली हार कबूल करी. हार मानल्याची सही घेतल्यावर थांबवायला काय उरणार? तरी चिवट माणूस दुसरे थळ, म्हणजे निवाड्याची दुसरी जागा, मागायचाच; तेव्हाच्या न्यायाला सोन्याचा मुलामा द्यायचे कारण नाही.

अपिलांची उतरंड आली तेव्हा स्थगिती कायद्याच्या पुस्तकात शिरली. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 41, नियम 5 स्पष्ट सांगतो: केवळ अपील दाखल झाले म्हणून अंमलबजावणी थांबत नाही. मोठे नुकसान होईल हे दाखवा, उशीर करू नका आणि तारण द्या. म्हणजे जुना जामीन इथेही आहे. आजरा तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या इचलकरंजीच्या घोरपड्यांच्या जहागिरीत होते. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि मुंबईची न्यायव्यवस्था इकडे आली.

खरी गंमत पुढे. स्टे मिळाला, की पीक हरलेल्याच्या खळ्यावर. खटला लांबणे हाच त्याचा नफा. 2004 साली आत्माराम प्रॉपर्टीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर नेमके बोट ठेवले. दिल्लीतल्या जागेचे भाडे महिना 371 रुपये 90 पैसे होते. ताबा सोडण्याच्या आदेशाला स्थगिती हवी तर महिना 15,000 रुपये भरा, ही अट न्यायालयाने कायम केली. शेतीलाही हाच हिशेब लावता येतो, पण भाताच्या उत्पन्नाचा पुरावा कोण मागतो!

2018 मध्ये चालू खटल्याच्या कामकाजाला दिलेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपेल असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. 2024 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते फिरवले. तारीख लांबल्याचा दोष पक्षकाराच्या माथी का मारावा, हा त्यामागचा युक्तिवाद रास्तच. तरीही 2025 मध्ये देशभरात सुमारे 8 लाख 82 हजार दरखास्ती तुंबल्याचे सर्वोच्च न्यायालयासमोर आले, आणि त्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतला वाटा सर्वांत मोठा.

त्याच वर्षी 18 ऑगस्टपासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. दुसऱ्या अपिलासाठी आजरेकरांची मुंबईची फेरी वाचली. हुकूमनामा मिळवणाऱ्याची आणि तो अडवणाऱ्याचीही.