पदवी आणि पैसा

आरोग्यावर लिहिणारा डॉक्टर नसेल तर त्याचे ऐकायचे कशाला, असे मीही म्हणत असे. पण इंग्लंडमधली एक हकीकत वाचली आणि गप्प झालो.

१९९८ साली डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये अवघ्या १२ मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. लसीकरण घटले, गोवर परतला. लसकंपन्यांविरुद्ध दावा लढवणाऱ्या वकिलांकडून डॉक्टरांना पैसे मिळत होते, हे २००४ साली उघड केले ब्रायन डीअर या पत्रकाराने. तो काही डॉक्टर नव्हता! २०१० साली 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला.

तेव्हापासून लेखकाच्या पदवीआधी मी दोन गोष्टी पाहतो: पुरावा काय, आणि पैसा कोणाचा.